मायाक्काला चिकटलेला शब्द

तात्याबा गेला तेव्हा मायाक्काला रडू आलं नाही. तिनं मुद्दाम दाबलं असंही नाही. दवाखान्यातून त्याला आधी सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या घरी आणलं, तिथून गाडी करून मंगळवेढ्याच्या पलीकडं गावाकडं नेलं. भावकीतल्या बायका गळ्यात पडून हंबरडा फोडत होत्या आणि मायाक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. जाऊबाईनं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलेलं तिला कळलं. मग तिनं डोळे मिटून तात्याबाचं नाव मनात घेतलं, लग्नात मुंडावळ्या बांधलेला त्याचा चेहरा आठवून बघितला. डोळे कोरडेच राहिले. तिची तिलाच भीती वाटली.

तात्याबा सोलापुरात टेम्पो चालवायचा. कारखान्यांतले टॉवेल, चादरी ट्रान्सपोर्टला पोचवायच्या. मायाक्का एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायच्या मशीनवर होती. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेली दोघं माणसं शहरात येऊन कुंभारीच्या कामगार वसाहतीत दोन खोल्यांचं घर करून राहिली, पोराला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. मग तात्याबाच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस. टेम्पो विकला. मायाक्का त्याला रिक्षानं दवाखान्यात न्यायची, सुई लागली की बाकड्यावर बसायची, सुई निघाली की घरी आणायची आणि दुसऱ्या पाळीला कारखान्यात जायची.

डॉक्टरांनी त्याला पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. सोलापूरचा उन्हाळा आणि दिवसभराला एवढंसं पाणी. तो ओठ चाटत बसायचा. त्याला दिसू नये म्हणून मायाक्का स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून पाणी प्यायची, तेही घोट वाजू न देता. अशी वर्षं गेली. दिवाळीच्या आधी एका पहाटे तो गेला.

दहाव्याला ओढ्याच्या काठावर मांडव घातला होता. प्रवचनाला मंगळवेढ्याचे जोतीराम महाराज आले होते. पन्नाशीचे, आवाज खणखणीत. त्या भागात कुणाचाही दहावा असला की त्यांनाच बोलावतात. त्यांनी तात्याबाच्या कष्टांचं बोलून झाल्यावर बायकांच्या बाजूला हात केला.

"आणि ही माउली बघा," ते म्हणाले. "एवढा डोंगर कोसळला. पण हलली का? देवानं अर्जुनाला सांगितलं, तसा माणूस लाखात एखादा. आमची ही मायाक्का स्थितप्रज्ञ आहे, मंडळी, स्थितप्रज्ञ!"

मांडव एकदम शांत झाला. माणसांनी माना डोलावल्या. जाऊबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. मायाक्काला शब्द काही कळला नाही, पण सगळे आपल्याकडं बघतायत म्हणून ती अवघडून बसली. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेत होतं. जेवणं उरकायच्या आत ते भावकीच्या ग्रुपवर फिरलं.

पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडावर वापरला तो पोरानं. युवराज चाकणला एका कंपनीत होता. रजा संपली म्हणून तेरावा झाल्या झाल्या निघाला. त्याची बायको प्रियंका मात्र दारात घुटमळली.

"आत्या, मी ऱ्हाऊ का थोडं दिवस?"

मायाक्का काही बोलायच्या आत युवराजच म्हणाला, "अगं, आईचं काय? आई स्थितप्रज्ञ आहे. महाराज काय उगं म्हणले का?" तो कौतुकानंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मायाक्काला दिसलं.

"जावा," ती म्हणाली. "माझं काय, मी कामाला जाते की."

ती कुंभारीला परत आली, दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेली. शब्द तिच्या आधीच तिथं पोचला होता. सुपरवायझर म्हणाला, "मायाक्का, तुमचा व्हिडिओ बघितला. मानलं तुम्हाला. बाकीच्या बाया नखाला लागलं तरी घरी पळतात." आणि कुणी आलं नाही की त्या मशीनवरही तो तिलाच बसवू लागला. तिनं एकदा पाठ दुखती म्हणून सांगितलं तर तो हसला. "तुम्ही आणि पाठ? तुम्ही तर स्थितप्रज्ञ." टाके घालणाऱ्या एका बाईनं एकदा डबा खाताना दुसरीला सांगितलं, "स्थितप्रज्ञ म्हंजे दगुड. तिला कायबी होत न्हाय." मायाक्का शेजारीच बसलेली होती. ती बाई काही वाईट मनानं बोलली नव्हती. मायाक्काला ऐकू येऊन वाईट वाटेल असं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते कमलम्माचं. कमलम्मा शेजारच्या घरातली. बिड्या वळायची, तेलुगू घरातली, मराठी तिच्या पद्धतीनं बोलायची. तात्याबाच्या आजारपणात ती रोज संध्याकाळी यायची. मायाक्का दुसऱ्या पाळीला असली की त्याच्यापाशी बसायची, त्याला मोडक्यातोडक्या मराठीत आपल्या जावयांच्या तक्रारी सांगायची. तात्याबा गेल्यावर ती येईल असं मायाक्कानं धरलं होतं. आली नाही. दारात दिसली की हसायची, "बरं हाय नं अक्का?" विचारायची आणि आत जायची. जणू मायाक्का देवळातली बाई झाली होती, जिच्याजवळ फार वेळ टेकायचं नसतं.

युवराजचे फोनही आखूड होत गेले. जेवलीस का, कामाला गेलीस का, बीपीची गोळी घेतलीस का. तिन्हीला हो म्हटलं की तो म्हणायचा, "तुझी काळजी न्हाय बघ मला." ते ऐकलं की तिला पुढचं बोलता यायचं नाही. पुढचं म्हणजे काय तेही तिला नीट सांगता आलं नसतं. भाजीत अजून तात्याबाच्या पथ्याएवढंच मीठ पडतं. घरात एकटी असूनही ती पाणी भिंतीकडं तोंड करूनच पिते. डायलिसिसच्या दिवशी पहाटे जाग येते, ती उठून केस विंचरते आणि मग कुठं जायचं नाही हे आठवून तशीच खाटेवर बसते. हे फोनवर कसं सांगायचं?

एक दिवस पाळी सुटल्यावर ती कारखान्याच्या ऑफिसात हजेरी घेणाऱ्या पोरीकडं गेली.

"बाई, ते महाराज मला म्हनले तो शब्द तुझ्या मोबाइलवर सापडंल का? थितप्रद्न्य."

पोरीनं शोधून वाचून दाखवलं, "ज्याची बुद्धी स्थिर आहे असा. सुखदुःखांनी विचलित न होणारा. विशेषण."

"विशेषण म्हंजे?"

"म्हणजे नावाला चिकटतो तो शब्द, मावशी. काळा बैल म्हटलं तर काळा हे विशेषण."

"बैलाचा रंग जन्माचा आसतो," मायाक्का म्हणाली. "मी कवापासनं अशी झाले?"

पोरीला वाटलं ती गंमत करतेय. ती हसली आणि कॉम्प्युटर बंद करायला लागली.

फेब्रुवारीत गावाकडं ज्वारीची काढणी सुरू झाली. दीर बिरप्पाचा फोन आला, माणसं मिळत नाहीत, येतेस का. मायाक्कानं रजा टाकली आणि एसटीनं गेली. दिवसभर वाकून ज्वारी काढली, संध्याकाळी सगळ्यांच्यात बसून भाकरी खाल्ली. जाऊबाई तिच्याशी मानानं वागत होती, अगदी पाहुण्यासारखी. झोपायच्या वेळी बायका एका खोलीत गोळा होऊन बोलत होत्या. मायाक्का आत गेली तशा गप्प झाल्या. "या की अक्का," जाऊबाई म्हणाली आणि तिला भिंतीजवळची चांगली जागा करून दिली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

सकाळी मायाक्कानं बिरप्पाला विचारलं, "जोतीराम महाराज ऱ्हात्यात कुटं?"

मंगळवेढ्यात महाराजांचं घर सापडायला अवघड गेलं नाही. ती पोचली तेव्हा महाराज धोतर-सदरा घालून गाडीची काच पुसत होते. त्यांच्या बायकोनं, बजाबाईंनी, तिला चहा दिला, पण महाराज घाईत होते. एका गावी दहावा होता.

"वाटंत बोलू अक्का, बसा गाडीत," ते म्हणाले. "येताना स्टँडवर सोडतो तुम्हाला."

जुनी मारुती होती. दोन्ही बाजूंना काढलेल्या ज्वारीची काळी रानं. मायाक्कानं बराच वेळ हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"महाराज, तुमी मला कायतरी म्हनला होता. दहाव्यात."

"कुणाच्या?"

"तात्याबाच्या. बिरप्पाच्या भावाच्या. दिवाळीआदी."

"आलं, आलं ध्यानात," महाराज म्हणाले, पण आलेलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"थितप्रद्न्य म्हनला."

"हां." त्यांनी मान हलवली. मग रोजच्या सवयीनं समजावून सांगायला लागले. "मोठा शब्द आहे तो, अक्का. प्रत्यक्ष देवाच्या तोंडचा. रणांगणावर अर्जुनानं विचारलं, असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? तेव्हा देवानं दाखला दिला. कासव जसं चारी बाजूंनी अंग आत ओढून घेतं, तसा तो मनाला आवरून घेतो. मग दुःखानं खचत नाही, सुखानं फुगत नाही."

मायाक्का ऐकत होती. "मग ते कासव परत भाईर कवा येतं?"

समोरून मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. महाराजांनी गाडी थांबवली. मेंढरं दोन्ही बाजूंनी घासून गेली. गाडी पुन्हा चालू केली तरी ते विचार करत होते. "त्याबद्दल तिथं काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "निदान मला आठवत नाही."

"मी तसली न्हाय महाराज," मायाक्का म्हणाली. "मला रडू आलं न्हाय ते धीर हाय म्हनून न्हाय. मला काय झालंय मलाच कळंना. आत कायतरी आवळून बसलंय. तेनला पानी द्यायचं नसायचं. मी चोरून प्यायची. दोन-तीन वर्सं चोरून पानी प्याले. आता कोन न्हाय घरात, तरी मला सरळ उभं ऱ्हाऊन पानी पिता येत न्हाय. हे काय शान्या मानसाचं लक्षान हाय का? आन तुमच्या शब्दापासनं कोन माज्याजवळ बसंना झालंय. पोरगं म्हनतंय तुझी काळजी न्हाय. मला भ्या वाटतं महाराज. एकटीला लई भ्या वाटतं."

एवढं ती तात्याबा गेल्यापासून कुणाशीच बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला दम लागला.

महाराजांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "खरं सांगू का? त्या दिवशी मी मांडवात आलो तेव्हा बायकांचं कुजबुजणं कानावर आलं होतं. डोळ्यात टिपूस नाही, सुटली म्हणून खूश आहे, असलं. असं पुष्कळ ठिकाणी असतं. कुणी रडलं नाही की लोक त्याला सोलतात. अशा वेळी मी हा शब्द काढतो. देवाचा शब्द पडला की तोंडं बंद होतात. तेवढ्यासाठीच म्हटलं. तुम्ही कोण, कशा, मला काय माहीत?"

"सुटली म्हनून खूश," मायाक्कानं हळूच म्हणून बघितलं. "कोन म्हनली?"

"आता नाही आठवत."

त्यांना आठवत होतं की नव्हतं, कोण जाणे. मायाक्कानं पुन्हा विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. तिला गळ्यात पडलेल्या बायका आठवल्या, एकेकीची पाठ आठवली.

"मग आता मागं घ्या की तो," ती शेवटी म्हणाली.

"कसा घेऊ, अक्का? एवढी माणसं परत गोळा करू? आणि केली तरी काय सांगू, की ही बाई स्थितप्रज्ञ नाही म्हणून? ते तुम्हाला आणखी वाईट लागेल."

ते खरंच होतं.

गाव जवळ आलं तसं महाराजांनी सांगितलं, तरणा माणूस गेलाय. विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागला. बायको रेश्मा, तिशीचीही नाही, दोन लेकरं. "मला फोनवर तिच्या दिरानं आधीच सांगितलंय," ते म्हणाले, "वहिनी रडत नाहीत, लोक बोलायला लागलेत, महाराज, तेवढं सांभाळून घ्या." ते सांगताना त्यांनी मायाक्काकडं बघितलं नाही.

मांडव भरलेला होता. मायाक्का बायकांच्या मागच्या रांगेत टेकली. पुढं रेश्मा बसली होती, फिकट साडीत, पाठ ताठ, नजर जमिनीवर. धाकटं लेकरू तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिच्या आणि बाकीच्या बायकांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी होती. सतरंजीवर ती जागा स्पष्ट दिसत होती.

महाराजांनी सुरुवात केली. गेलेल्याच्या कष्टांचं, त्याच्या हसऱ्या स्वभावाचं बोलले. पुरुषांनी डोळे पुसले. मग त्यांचा हात सवयीनं बायकांच्या बाजूला आला.

"आणि त्यांच्या पत्नी, रेश्माताई..."

ते थांबले. त्यांची नजर मागं मायाक्कावर आली. त्यांनी तांब्या उचलून पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"त्यांना देव बळ देवो," ते म्हणाले आणि अभंगाला लागले.

मायाक्काच्या पुढं दोघी होत्या. "टिपूस न्हाय बघ," एक म्हणाली. दुसरी तोंडावर पदर धरून म्हणाली, "माहेरचं न्यायला आलंत म्हनं. तिला काय, दुसरं घर बघंल." पहिलीनं ते पलीकडच्या बाईला सांगितलं. कुजबुज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकत गेली. कुणी तोंड बंद केलं नाही. रेश्माचा दीर महाराजांकडं रागानं बघत होता. सांगून ठेवलेलं काम महाराजांनी केलं नव्हतं.

माझ्यापायी झालं, असं मायाक्काला वाटलं. तात्याबाच्या दहाव्याला हीच कुजबुज असणार आणि एका शब्दानं ती झाकून टाकली होती. तो शब्द आज या पोरीला मिळाला नाही. मिळाला असता तर तिचं काय झालं असतं तेही मायाक्काला माहीत होतं.

ती उठली. कंबर ज्वारी काढून धरलेली होती, गुडघ्यांवर हात देत उठावं लागलं. बायकांच्या मधून वाट काढत पुढं गेली आणि त्या रिकाम्या जागेत रेश्माला खेटून बसली.

रेश्मानं मान वळवली. "तुमी कोन?"

"कोन न्हाय. महाराजांच्या गाडीत आले."

रेश्मा पुन्हा जमिनीकडं बघायला लागली. थोड्या वेळानं हलक्या आवाजात म्हणाली, "च्या घेतला का?"

"घेतला."

"तुमचं कोन गेलंय?"

"मालक."

"तुमाला रडू आलं?"

"न्हाय. आजून न्हाय."

रेश्मानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मला मोटर ऐकू येती," ती म्हणाली. "गावात कुणाची बी चालू झाली की कान गच्च होत्यात. ह्यांना कुनाला सांगू? सगळ्या मला रड म्हनत्यात."

मायाक्कानं तिला काहीच समजावलं नाही. मांडीवरचं लेकरू घसरत होतं, ते दोघींनी मिळून सावरलं. मग प्रवचन संपेपर्यंत त्या तशाच बसल्या. रेश्माच्या बोटांनी मायाक्काच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, ते तिच्याही ध्यानात नसावं. मागची कुजबुज चालूच होती. पण आता ती दोघींच्या पाठीवर पडत होती.

परतताना महाराज थकलेले दिसत होते. रेश्माच्या दिरानं त्यांना नीट निरोपही दिला नव्हता. मंगळवेढ्याजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर केलं का मी, अक्का?"

"म्हाईत न्हाय," मायाक्का म्हणाली. "त्या पोरीला बोलल्या बाया."

"ते ऐकलं मी."

"पर बोलल्या म्हनूनच मी उटून गेले. न्हायतर मागंच बसले आसते."

स्टँडवर गाडी थांबवून महाराज स्वतः उतरले, तिची पिशवी काढून दिली. "कधी मंगळवेढ्याला आलात तर घरी या," ते म्हणाले. "बजाबाई असतात घरी. मी नसलो तरी."

सोलापूरची गाडी लागायला वेळ होता. मायाक्कानं बाकड्यावर बसून युवराजला फोन लावला. दिवसाउजेडी तिनं कधी फोन केला नव्हता, त्यामुळं तो घाबरून बोलला.

"काय झालं आई?"

"कायबी न्हाय. मला करमत न्हाय रे."

मागं मशिनींचा आवाज येत होता. "आसं काय करतीस? तू तर स्थितप्र..."

"ते ऱ्हाऊ दे. महाराज सगळ्यांनाच म्हनत्यात ते. मी तसली न्हाय. मला घरात एकटीला भ्या वाटतं. तू ये."

मशिनींचा आवाज कमी झाला, युवराज बाजूला गेला असावा. "ह्या रविवारी ओव्हरटाइम हाय," तो म्हणाला. "पुढच्याला बघतो." मग थोडं थांबून म्हणाला, "येतो."

संध्याकाळी ती कुंभारीत उतरली. कमलम्मा उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. मायाक्का स्वतःच्या दाराकडं गेली नाही. कमलम्माच्या पायरीवरच पिशवी ठेवून बसली.

"अय्यो, काय झालं अक्का?" कमलम्माचे हात थांबले.

"बसू दे वाईच."

कमलम्मानं सूप बाजूला सरकवलं. तिला काही बोलायचं होतं, पण शब्द जुळवायला वेळ लागला. "मी आले नाय. तुला वाटलं आसंल कमलम्मा विसरली. मी नाय विसरली. तात्याबा आठवला की मला रडू येतंय. तू नाय रडत. तुझ्यासमोर मी कसं रडू? लाज वाटतंय."

"मग रड की," मायाक्का म्हणाली.

आणि कमलम्मा खरंच रडली. पदर तोंडाशी घेऊन, तेलुगूत काहीबाही म्हणत, आपल्या जावयांच्या तक्रारी आता कुणाला सांगू म्हणत. मायाक्का तिच्याकडं बघत राहिली. तात्याबासाठी रडणारं माणूस तिच्या शेजारी राहत होतं आणि मधल्या भिंतीमुळं तिला ते इतके महिने दिसलं नव्हतं.

युवराज पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आला. एकटाच. प्रियंकाला बरं नव्हतं. तिनं केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा त्यानं आणला होता. दिवसभर त्यानं घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्या केल्या, नळ बसवला, बल्ब बदलला. बोलायचं टाळण्यासाठी तो कामं शोधत होता. जेवताना एकदम म्हणाला, "आई, अण्णा गेले त्या रात्री काय झालं? मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला कुणी सांगितलंच न्हाय."

"तू इचारलं न्हाईस."

"तू एवढी शांत होतीस. म्हटलं, आपण कशाला काढा."

मायाक्कानं ताट सरकवलं. तात्याबाला पंखा नको झाला होता ते सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं होतं, युवराजला रजा मिळाली का. ती म्हणाली होती, मिळाली, निघालाय. मिळाली नव्हती. तात्याबा म्हणाला होता, मग थांबतो. आणि थांबला नाही.

युवराजनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. मायाक्का उठून त्याच्या मागं जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या बायकांच्या पाठीवरून तो हात फिरला होता, पण आपल्या पोराच्या पाठीवर तात्याबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिच्या घशात काहीतरी हललं. वर आलं नाही, पण हललं.

पहाटे तो निघाला. ती वसाहतीच्या कमानीपर्यंत गेली. शेअर रिक्षात बसताना तो म्हणाला, "आई, प्रियंकाला पाठवू का महिनाभर?"

"पाठव," मायाक्का म्हणाली. पहिल्या खेपेला जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता निघालं, आणि आपला आवाज इतका मोठा कसा आला म्हणून ती स्वतःच दचकली.

रिक्षा हमरस्त्याला लागली. पाळीला अजून वेळ होता. ती कमानीखाली उभी राहिली, मग सावकाश घराकडं वळली.